अंगणातलं खाकरणं

आळेफाटा,
९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
आरतीचा नमस्कार.

घरोघरी फोन असताना सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं याचं पोस्टातल्या बाईलाही नवल वाटलं. "पाकीट कशाला पायजे? पत्रिका पाठवायची हाय का?" म्हणाली. पण मी तरी काय करू? फोन लावला की तुम्ही तो तुका आत्यांच्या हातात देता. आत्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या स्पीकर लावतात. मग तुमची पिशवी गळते की नाही हे निम्म्या शिनोलीला कळतं. तुमच्या बहिणीला मी नावं ठेवत नाही. पण असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, एवढं मला समजतं.

वसुबारसेला तुम्ही न सांगता निघून गेलात. आम्ही बायका मागच्या पडवीत करंज्या करत होतो आणि पुढून तुम्ही एस.टी. गाठली. दिवाळीत घरचा कर्ता माणूस बहिणीकडे जाऊन बसला, म्हणजे सुनेनं काहीतरी केलं असणार, असंच लोक धरून चालतात. शेजारच्या झुंबरबाईंनी तर तोंडावर विचारलं. मी म्हटलं, हवापालट.

माझं काय चुकलं ते मी माझ्या परीनं ताडलं आहे. दवाखान्यातून आल्यावर पिशवी मीच बदलत होते. सासूबाई असत्या तर माझ्यावर ही वेळ आली नसती. तुमचा मुलगा कांद्याची गाडी घेऊन कधी सुरतेला तर कधी इंदूरला. मग दुसरं कोण करणार? तुम्ही तोंड भिंतीकडे करून पडायचा, आणि मी पदर दातात धरून काम उरकायची. तुम्हाला त्याचा संकोच झाला असेल तर तो मलाही होत होता. पण माणूस दुखण्यातून उठलेला असताना संकोच किती धरून बसायचा?

डॉक्टरांचा फोन आला होता. सप्टेंबरात पीळ पडून फुटलेलं आतडं कापलं आणि त्याचं तोंड पोटावर काढलं, ते आता जानेवारीत परत आत जोडायचं म्हणतात. मग पिशवीची कटकट संपेल. तारीख घ्यायची का ते कळवा.

घर फार शांत वाटतं. अंगणात तुमचं खाकरणं ऐकू येत नाही, त्यामुळे डोक्यावर पदर घ्यायचाच राहून जातो.

आपली,
आरती


शिनोली,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. आरतीस,
चांगदेवचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने ते पारावर चार जणांना दाखवून मग माझ्या हातात दिलं, तेव्हा तुझी गुपचूप गोष्ट तिथेच उघड्यावर आली. असो. सातवी सुटल्यापासून मी सही सोडून काही लिहिलेलं नाही. अक्षर लागेल तसं लावून घे.

इकडे भातं निघाली. तुकाबाई एकटी आहे, तिला सोबत म्हणून आलो. दुसरं काही कारण नाही. तुझ्या रांधण्यात खोट नाही आणि सेवेतही नाही. पिशवी आता माझी मीच बदलतो. सुरुवातीला धांदल उडायची, एकदा अंथरूण खराब झालं, ते पहाटे उठून ओढ्यावर धुतलं. तुकाबाईला पत्ता लागू दिला नाही.

ऑपरेशनची तारीख घेऊ नको. मला ते करायचं नाही.

कारण विचारशील, म्हणून लिहितो. पोट फाडण्याचं भय नाही. मेंढरामागे हिंडलेल्या माणसाचं अंग असल्या गोष्टींना सरावलेलं असतं. पण त्या ऑपरेशनात मी माणसातून उठलो. मला सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. सलाइनची नळी मला बाभळीची फांदी वाटत होती. सिस्टर म्हणजे खाटीक आहे आणि माझी मेंढरं मोजून नेते आहे असं वाटत होतं. दवाखान्यात कामाला असलेल्या एका पोराच्या मी थोबाडीत मारली. माझ्या अंगावर कपडा नव्हता आणि तू समोर होतीस असंही दिसतं. ते खरं की स्वप्न, ते कळत नाही. कुणाला विचारायचं?

साठी उलटली, गावानं मला कधी नाव ठेवलं नाही. बायकामाणसांपुढे कधी वावगा शब्द काढला नाही. असल्या माणसाचं डोकं फिरून सगळं उघडं पडतं, आणि ते बघायला घरची सून असते. परत त्या टेबलावर चढलो तर परत तेच होणार. त्यापेक्षा पिशवी बरी. ती पैरणीखाली झाकता येते.

एकच विचारतो. मी काय काय बोललो? खरं असेल ते कळव.

चांगदेव


आळेफाटा,
१ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
आरतीचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी तशीच मंचरला दवाखान्यात गेले. म्हटलं, माझ्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, डॉक्टरांच्या तरी बसेल. भाजीबाजाराच्या गर्दीत बस अडकली आणि ओपीडी संपता संपता पोचले. पण डॉक्टर भले आहेत. हातातलं काम ठेवून त्यांनी मला समजावलं. मला कळलं तेवढं लिहिते.

तुमचं डोकं फिरलं नव्हतं मामा. तुम्हाला विष चढलं होतं.

आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात जंतू असतात. ते आतड्याच्या आत आहेत तोवर काही बिघडत नाही. तुमच्या आतड्याला पीळ पडला, रक्ताचा पुरवठा तुटला, ते काळं पडलं आणि फुटलं. मग जंतू पोटात शिरले, पोटातून रक्तात. या जंतूंच्या वरच्या सालीतच विष असतं. जंतू मेला, की साल फुटून ते मोकळं होतं. म्हणजे औषधानं जंतू मरतात, पण मरतानाही ते आपल्याला सुखानं राहू देत नाहीत. त्यात ऑपरेशनमध्ये पीळ सोडवला की अडकून पडलेलं सगळं एकदम अंगभर पसरू शकतं. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनात आतडं हाताळलं की चांगल्या माणसाच्या रक्तातही हे विष थोडंफार उतरतं. बहुतेक वेळा अंग ते निभावून नेतं. तुमच्यात ते फार होतं.

आणि खरा घोळ पुढेच होतो. विष ओळखलं की अंग आपली सगळी फौज बाहेर काढतं. हुडहुडी, ताप. मग रक्ताच्या नळ्या ढिल्या पडतात, बी.पी. उतरतं, लघवी आटते. मेंदूला सुद्धा ते सोसत नाही, तो भलतंच बघायला लागतो. मी म्हटलं, "म्हणजे विषानं कमी आणि अंगाच्या गोंधळानंच जास्त झालं की." डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. मला तुमची आणे घाटातली गोष्ट आठवली. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाड्यात लांडगा शिरला, त्यानं नेलं एकच कोकरू, पण घाबरून एकमेकांच्या अंगावर पडून चेंगरली ती किती तरी.

पुढचं तर तुम्हालाच जास्त कळतं. पावसाळ्याआधी तुम्ही मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचून घेता. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एका मेंढीची लस चुकली होती. कोवळं गवत खाऊन तिला आंत्रविषार झाला. ती गोल गोल फिरत होती, मान मागे टाकत होती, तुम्ही जवळ गेलात तर तुम्हालाच धडक मारली. मालक ओळखू आला नाही तिला. तेव्हा तुम्ही तिच्यावर रागावला नाहीत. मांडीवर डोकं घेऊन बसलात. डॉक्टर म्हणाले की मेंढरांचे जंतू वेगळे, त्यांचं विष वेगळ्या तऱ्हेचं, पण पोटातलं विष डोक्यात जातं हे दोन्हीकडे सारखंच. मग मेंढीला जे माफ, ते तुम्हाला का नाही?

आणि यावेळी तसं होण्याचं भय फार थोडं आहे. आधी आतडं रिकामं करून घेतात. सडलेलं काही नाही, फुटलेलं काही नाही. अजिबात होणार नाही असं लिहून देत नाहीत, पण पहिल्यासारखं नाही.

बोललात म्हणाल तर काही वावगं बोलला नाहीत. मेंढरं वळत होता, एवढंच. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. निर्धास्त राहा आणि घरी या.

आपली,
आरती


शिनोली,
८ डिसेंबर २०२४

चि. आरतीस,

डॉक्टरचं सगळं पटलं. मेंढराचंही पटलं. एकच फरक आहे. मेंढराला कोणी हसत नाही.

मी लिहिणार नव्हतो. पण "कुणाला काही सांगितलेलं नाही" हे तू लिहिलंस, म्हणून लिहितो.

माझी एक रीत तुला माहीत आहे. अंगणात पाय टाकला की मी खाकरतो. घरात लेकीसुना असतात, कुणी कशी बसलेली असते. आपण आवाज द्यावा, त्यांनी सावरून घ्यावं, मग आत जावं. माझ्या बापानं हे शिकवलं. तुझ्या सासूच्या वेळीही मी खाकरूनच घरात आलो आहे.

ऑपरेशनपासून मला खाकरता येत नाही. जोर लावला की टाके होते तिथून पोट फाटेल असं वाटतं. वसुबारसेला मी मेंढरांकडे चक्कर मारून परत आलो. खाकरायचा प्रयत्न केला, आवाजच फुटला नाही. तसाच आलो. मागच्या पडवीतून हसणं ऐकू आलं.

मग मला माझाच आवाज ऐकू आला. तुझ्या तोंडून. "सिस्टर, मोठ्या मेंढीला दोन झाकणं, मला चार पाज. म्या घरनं पिऊनच आलोय, डागदरला सांगू नगं." माझा हात कसा थरथरत होता तेही तू करून दाखवत असणार, कारण शेजारची पुष्पा म्हणत होती, "आरते, बास की गं, माझी करंजी फुटली." झुंबरबाईचं हसणं तर वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल.

म्हणजे ते मी बोललो होतो. पोट फुगलं तेव्हा मी मेंढरांच्या पोटफुगीचं औषध प्यालो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं दोनदा विचारलं, तरी काही घेतलं नाही म्हणालो. मेंढरं राखणारा शहाणा माणूस मेंढरांची बाटली तोंडाला लावतो आणि दोन दिवस गप्प पडून राहतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? जे शुद्धीत लपवलं ते बेशुद्धीत सांडलं, आणि तू ते फराळाबरोबर वाढलंस.

नक्कल मात्र हुबेहूब होती. मला राग नाही. मला त्या घराच्या दारातून आत जायची लाज वाटते, इतकंच. आता पत्र टाकू नको.

चांगदेव


आळेफाटा,
२७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
आरतीचा नमस्कार.

पत्र टाकू नको म्हणालात, तरी टाकते आहे. फाडून टाकायचं तर फाडा, पण आधी वाचा. मीही पुष्कळ लिहून फाडली, म्हणून उशीर झाला.

तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. मी नक्कल केली, आणि नंतर तुम्हाला खोटं लिहिलं. तुका आत्यांच्या स्पीकरवर तोंड वर करून बोलले, आणि मी स्वतः काय केलं होतं? तुमचं पत्र वाचल्यापासून माझं मन मला खातं आहे. पुष्पाला भेटले तरी तिच्या डोळ्याला डोळा देववत नाही. तिची चूक नाही, सांगणारी मी होते. तुमच्या मुलालाही सांगितलं. तो म्हणाला, "आरते, त्यो माझा बाप हाय." एवढंच म्हणाला आणि गाडी धुवायला गेला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

का केलं म्हणून विचाराल, तर सांगते. दवाखान्यात मी एकटी होते. तुमचा मुलगा इंदूरला अडकला होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बी.पी. राहत नाही, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी बाकावर बसून माणसं आठवत होते आणि एकाचंही नाव डोक्यात येत नव्हतं. तेव्हा रडले नाही. पुढे तुम्ही वाचलात, घरी आलात, आणि ते सगळं त्या दिवशी हसण्यातून बाहेर पडलं. हे कारण आहे, सबब नाही. रडायचं ते मी हसून काढलं, आणि त्याची किंमत तुमच्या अब्रूनं दिली.

बाटलीचं मी डॉक्टरांना त्याच वेळी सांगितलं होतं. ते हसले नाहीत. औषधानं आतडं फुटलं नाही, फुगलेलं पोट घेऊन थांबलात ते बाधलं, असं म्हणाले. अंगावर दुखणं काढणारे रोजच येतात त्यांच्याकडे.

आता एक गोष्ट लिहिते. ती मी पुष्पाला सांगितली नाही, झुंबरबाईंना नाही, तुमच्या मुलालाही नाही. तुम्ही विचारलं होतं ना, अंगावर कपडा नव्हता ते खरं की स्वप्न? खरं आहे.

एरवी आत कुणाला सोडत नाहीत. पण तुम्ही सुया उपटत होता, म्हणून सिस्टरनं मला हिरवा झगा चढवून आत घेतलं. भर दुपार होती आणि तुम्ही म्हणत होता, रात्र झाली, मेंढरं आवरा. मुलाचं नाव विचारलं तर सांगता आलं नाही. गाव विचारलं तर सांगता आलं नाही. स्वतःचं नाव सुद्धा नाही. चादर लाथाडून दिली होती. मी हात धरला तर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "गोजरे, आलीस का? मला झाक बिगी बिगी. सूनबाई येईल."

मामा, सासूबाई समजून तुम्ही मलाच सांगत होता, सून यायच्या आत मला झाक म्हणून.

मी झाकलं. गळ्यापर्यंत चादर ओढली, कडा अंगाखाली खोचल्या. मग तुम्ही म्हणालात, "आता तिला यिऊ दे." आणि तुम्ही खाकरलात. ताज्या टाक्यांवर जोर देऊन. सिस्टर ओरडली, "बाबा, टाके तुटतील." तुम्ही परत खाकरलात. माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही ते काय होतं.

मी बाहेर गेले. झग्याच्या आतून पदर ओढून काढला, त्या प्लास्टिकच्या टोपीवरून डोक्यावर घेतला, आणि दारातून परत आत आले. सून होऊन आले. तुम्ही मला बघितलंत, मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. त्यानंतर सुया उपटल्या नाहीत.

विषानं तुमचं नाव नेलं, गाव नेलं, पोटचा पोरगा नेला. पण खाकरणं त्याला नेता आलं नाही. तुम्ही म्हणता माणसातून उठलात. मी तिथे होते. तुम्ही उठला नव्हता. माणसातून मी उठले, पडवीत बसून, शुद्धीत असताना.

तारीख मी घेतलेली नाही. तुम्ही सांगाल तसं.

आरती


शिनोली,
५ जानेवारी २०२५

चि. सौ. आरतीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. यावेळी पोस्टमनच्या हातातून मी रस्त्यावरच घेतलं. ओढ्याच्या कडेला बसून वाचलं. परत वाचलं. तुकाबाईनं विचारलं, कुणाचं पत्र? म्हटलं, गोजरचं. माझं डोकं परत फिरलं असं तिला वाटलं असेल.

तू लिहिलंस त्यानं माझी लाज गेली असं समजू नको. अजून आहे. आता तुझी पण त्यात मिळाली आहे. दोघांची मिळून एका घरात नांदेल. दुसरीकडे ठेवून तरी कुठे ठेवणार?

संक्रांत झाली की पहिली मिळेल ती तारीख घे. बाटलीचं मी डॉक्टरला माझ्या तोंडानं सांगणार आहे. तू मध्ये बोलू नको. त्या पोराला मारली होती, त्याचे हात धरायचे आहेत. तो अजून कामाला असेल तर विचारून ठेव.

टेबलावर परत विष चढलं आणि मी परत काही बरळलो, तर तू आत येऊ शकतेस. पण आधी गोजर होऊन ये. नंतर सून.

बुधवारी दुपारच्या गाडीनं येतो. फाट्यावर आणायला कुणाला पाठवू नको, मी चालत येईन. खाकरणं अजून जमत नाही. म्हणून अंगणात आलो की फाटकावर काठी आपटीन. तीनदा. झुंबरबाई, पुष्पा जे कोणी बसलेलं असेल त्यांना सांगून ठेव. काठी वाजेपर्यंत काय हसायचं ते हसून घ्या.

चांगदेव